टीसीखालचा खड्डा

हिंडलग्याहून सुळग्याकडे जाताना रस्त्याकडेला दोन खांबांवर बसवलेला टीसी आपण रोज पाहतो. (रोहित्र हा शब्द पुस्तकातच राहिला.) त्याच्यावर ११,००० व्होल्टच्या तीन तारा येतात; घरांकडे मात्र चार निघतात. ही चौथी तार, न्यूट्रल, जमिनीशी का जोडतात असे तोंडी परीक्षेत विचारले, की 'प्रवाह जमिनीतून परत जावा म्हणून' असे उत्तर मिळते. ते चूक आहे.

टीसीची प्राथमिक वेटोळी त्रिकोणात जोडलेली असतात, दुय्यम वेटोळी ताऱ्यासारखी. ताऱ्याचा मध्यबिंदू म्हणजे न्यूट्रल. नेहमीचा प्रवाह या तारेनेच परततो, जमिनीतून नव्हे. मग जमिनीशी जोडणी कशाला?

दुय्यम बाजूचा प्राथमिकेशी संबंध फक्त चुंबकत्वाचा. दोन फेजमध्ये सुमारे ४१५, फेज व न्यूट्रलमध्ये २४० व्होल्ट हे ठरलेले असते. पण जमिनीच्या मानाने त्या तारा किती व्होल्टवर आहेत, हे कोणीच ठरवलेले नसते. दावे सुटलेल्या जनावरासारखी गत! एक फेज ओल्या फांदीला टेकली तरी फ्यूज जात नाही, आणि उरलेल्या दोन फेज जमिनीच्या मानाने ४१५ व्होल्टपर्यंत चढतात. टीसीच्या आत ११,००० ची बाजू दुय्यमेला चिकटली, तर तो दाब घराघरांत शिरेल. न्यूट्रल जमिनीला बांधलेला असला, की अशा वेळी मोठा प्रवाह जमिनीत उतरतो आणि वरचा पुरवठा तुटतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रलला निदान दोन स्वतंत्र भूजोडण्या सांगितल्या. एक गंजून तुटली तरी दुसरी हाताशी असते.

आता थोडे गणित करू, कारण खरा घोटाळा येथे होतो. समजा, विहिरीवरच्या पंपाच्या सांगाड्याला आतून फेज लागली. पंपाच्या अर्थिंगचा रोध ८ ओहम, टीसीच्या अर्थिंगचा २ ओहम धरू. २४० भागिले १० म्हणजे २४ अँपियर. ३२ अँपियरचा फ्यूज एवढ्याने जाणार नाही, आणि सांगाडा २४ गुणिले ८, म्हणजे १९२ व्होल्टवर तसाच राहील. अर्थिंग केलेले असूनही हात लावणारा दगावू शकतो! येथे ईएलसीबी लागतो. फेजने गेलेला व न्यूट्रलने परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला, की तो पुरवठा तोडतो. पण हा फरक पडण्यासाठी प्रवाहाला दुसरी वाट हवी, आणि ती टीसीखालच्या खड्ड्यातूनच पूर्ण होते. म्हणजे नुसता फ्यूज पुरत नाही, आणि न्यूट्रल जमिनीशी नसेल तर ईएलसीबीचाही भरवसा नाही.

आपली तांबडी माती पावसाळ्यात भिजून असते, एप्रिलमध्ये भाजलेल्या विटेसारखी होते. वरच्या गणितात पंपाच्या ८ ओहमच्या जागी ४० घालून पाहा: प्रवाह ६ अँपियरच्याही खाली, सांगाडा २२८ व्होल्टच्या वर. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओततात ते याचसाठी. प्रयोगशाळेतल्या अर्थ टेस्टरने आपल्याच इमारतीच्या खड्ड्याचा रोध एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये मोजावा, आणि दोन्ही आकडे प्रात्यक्षिकाच्या वहीत शेजारी-शेजारी लिहावेत.