मॉरिशस : पॅकेज टूरमध्ये न दिसणारा देश

मधुचंद्राच्या पॅकेजांमुळे मॉरिशस मराठी घरांत ओळखीचे झाले आहे. निळे पाणी, पांढरी वाळू आणि ‘तिकडे सगळे आपलेच लोक’ एवढ्यावर मात्र ती ओळख थांबते.

गैरसमज : मॉरिशस म्हणजे बारमाही उन्हातले एक बेट.

वस्तुस्थिती : मॉरिशस हा अनेक बेटांचा देश आहे. एकूण जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा. पूर्वेला ५६० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्सला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. अगालेगा तर उत्तरेला हजार किलोमीटरवर. मुख्य बेट ज्वालामुखीतून वर आलेले आहे, त्यामुळे मध्यभागी उंच पठार. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना पठारावरच्या क्युर्पिपमध्ये छत्री उघडावी लागते. शिवाय हा दक्षिण गोलार्ध. आपल्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा मोसम.

गैरसमज : तिथे समुद्राखाली धबधबा आहे.

वस्तुस्थिती : मोबाइलवर फिरणारा ‘तो’ फोटो खरा, धबधबा खोटा. नैऋत्येला ल मॉर्नजवळ वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर समुद्रतळाच्या उतारावरून खाली सरकतो. विमानातून पाहताना रंगांच्या छटांमुळे पाणीच कोसळल्याचा भास होतो. किनाऱ्यावर उभे राहून यातले काहीही दिसत नाही.

गैरसमज : हा देश साखर आणि पर्यटकांवर जगतो.

वस्तुस्थिती : १९६८ साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा निर्यात जवळजवळ पूर्णपणे साखरेची होती. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना या देशाचे भवितव्य काळजीचे वाटत होते. पुढे मीड यांना नोबेल मिळाले, पण मॉरिशसने त्यांची भीती खोटी ठरवली. १९७० मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा आला आणि कपड्यांचे कारखाने उभे राहिले. नंतर पर्यटन, बँकिंग, माहिती तंत्रज्ञान यांची भर पडली. आज सेवाक्षेत्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. ऊस अजून डोलतो. त्याच्या चिपाडावर (बगॅस) वीजही तयार होते. पण राष्ट्रीय उत्पन्नातला साखरेचा हिस्सा किरकोळ उरला आहे.

‘मॉरिशस मार्गे’ येणाऱ्या गुंतवणुकीवर भारतात भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ही समजूतही जुनी झाली. दोन्ही देशांमधल्या १९८२ च्या करविषयक करारात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सच्या विक्रीवर तो कर लागतो.

गैरसमज : मॉरिशस म्हणजे छोटा भारतच.

वस्तुस्थिती : इथे मूळ रहिवासी असे कोणीच नव्हते. १५९८ मध्ये आलेल्या डचांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे नाव दिले. त्यांच्या काळात डोडो पक्षी नामशेष झाला. पुढे फ्रेंच आले, मग १८१० मध्ये ब्रिटिश. मादागास्कर आणि मोझांबिकमधून गुलाम आणले गेले. गुलामी संपवण्याची वेळ आली तशी उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून भारतीय गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर उतरले. पुढच्या दशकांत साडेचार लाखांच्या आसपास आले. पोर्ट लुईमधला त्यांचा धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. पळालेल्या गुलामांचा आसरा असलेल्या ल मॉर्न डोंगरालाही २००८ मध्ये तोच मान मिळाला. आज सुमारे दोनतृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत, पण जवळपास प्रत्येक तिसरा माणूस ख्रिस्ती आहे.

गैरसमज : हिंदी आली की तिथे भागते.

वस्तुस्थिती : घरात आणि बाजारात बोलली जाते ती फ्रेंचच्या पोटी जन्मलेली क्रेओल. संसदेचे कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंचमध्ये. भोजपुरी घराघरांतून मागे पडली आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे वंशजही मराठी शिकतात ती मुख्यतः शाळेत. एरवी बोलतात क्रेओलच. गणेश चतुर्थीला मात्र देशभर सार्वजनिक सुट्टी असते. वारशाचा अभिमान तिथे किती टोकदार आहे, हे १९९८ मध्ये दिसले. नव्या नोटांवर तमिळ मजकूर देवनागरीच्या खाली गेला आणि तमिळ समाजातून संतापाची लाट उसळली. अखेर त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. नव्याने छापताना तमिळ पुन्हा देवनागरीच्या वर आली.