आलेखांची कालसापेक्ष छाननी

व्यवसायविषयक माहितीचे विश्लेषण करणाऱ्या संगणकीय आज्ञावलींमध्ये, साठविलेल्या नोंदींपैकी केवळ अलीकडच्या ठराविक मुदतीतील नोंदी निवडून त्यांचाच आलेख काढण्याची पद्धती. व्यापारी आकड्यांचे काळानुसार रेखाटन विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ मधील ग्रंथात आढळते. छापील आलेखाची मुदत कायमची ठरलेली असते; संगणकीय आलेखाची मुदत मात्र दररोज पुढे सरकू शकते.

तारखांनुसार छाननीचे दोन प्रकार आहेत. निश्चित छाननीत ‘१ एप्रिल ते ३० जून’ अशा सीमा स्वतः द्याव्या लागतात. सापेक्ष छाननीत ‘मागील ३० दिवस’ एवढेच सांगितले जाते व आलेख उघडताना आज्ञावली सीमा ठरविते. टॅब्लो, पॉवर बीआय इ. आज्ञावलींत ही सोय आहे. तीमुळे रोजचे श्रम वाचतात. परंतु ‘अलीकडचे’ म्हणजे नेमके कोणते, हे आधी निश्चित न केल्यास आलेख दिशाभूल करतो.

मुदतीची पूर्णता : पॉवर बीआयमध्ये २० जुलै रोजी ‘मागील २ महिने’ निवडल्यास २१ मे ते २० जुलै ही मुदत मिळते, कॅलेंडर महिने निवडल्यास १ मे ते ३० जून ही मिळते. मासिक स्तंभालेखात चालू महिना घेतल्यास त्याचा स्तंभ अपुरा राहतो आणि विक्री घटल्याचा भास होतो. भारतीय आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने ‘चालू वर्ष’ या निवडीतही जानेवारी की एप्रिल, हे पाहावे लागते.

आधारदिनांक : मोजणी आजपासून करावयाची की शेवटच्या नोंदीपासून, हा दुसरा प्रश्न होय. नोंदी दोन दिवस उशिरा येत असतील, तर आजसह मागील सात दिवसांच्या आलेखात पाचच दिवसांची माहिती असते. टॅब्लोमध्ये आधारदिनांक बदलता येतो. पॉवर बीआयची सापेक्ष छाननी जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्यामुळे येथे पहाटे ५.३० पर्यंत ‘आज’ म्हणजे आदला दिवस ठरतो.

मुदतीची लांबी : ३० दिवसांत दोन वार पाच वेळा व उरलेले चार वेळा येतात. रविवारी गर्दी होणाऱ्या दुकानाच्या दोन मुदतींची तुलना त्यामुळे सदोष ठरू शकते. २८ दिवसांत प्रत्येक वार चारच वेळा येतो, म्हणून तुलनेस ती मुदत सोयीची असते.

या बाबींचे महत्त्व २०२० पासूनच्या कोविड–१९ साथीत प्रकर्षाने दिसून आले. नमुना घेतल्याच्या तारखेनुसार रुग्णसंख्या मांडली असता, अहवाल काही दिवसांनी येत असल्याने वक्राचे शेवटचे टोक खाली झुकलेले दिसे. ती साथीची ओहोटी नसून नोंदींची अपूर्णता असे. म्हणून शेवटचे काही दिवस वेगळे दाखविणे आवश्यक ठरले.

यास्तव आलेखावर सुरुवातीची व अखेरची तारीख, तसेच माहिती अद्ययावत केल्याचा दिनांक नमूद करावा आणि अपूर्ण मुदत वगळावी किंवा निराळ्या रंगाने दर्शवावी.