गोठ्यात शिकायची विद्या

मुंबईतील परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्याआधी तेथे जनावरांचे रुग्णालय उभे होते. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभारलेल्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आश्रयानेच हे महाविद्यालय वाढले. त्या काळी मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत, मालाची वाहतूक बैल करीत आणि दूध शहरातल्याच तबेल्यांतून येई. विद्यार्थ्यांना रुग्णांची वाण नव्हती. आज शहरातील पशुरुग्णालयांत कुत्र्या-मांजरांची रीघ लागलेली असते. गाय, म्हैस आणि बैल मात्र शहरापासून दूर गेले आहेत. विद्यालय एकीकडे आणि रुग्ण दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या कुंपणाबाहेर, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात, दूध संघाच्या गाडीवर वा खासगी पशुवैद्यकाच्या हाताखाली काम करण्याची संधी किती मिळते, हा प्रश्न या फारकतीमुळे निर्माण होतो.

भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनी पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा केला. त्यातील साडेचार वर्षे शिक्षणाची व एक वर्ष आंतरवासितेचे. पूर्वी आंतरवासितेला सहा महिनेच मिळत, तेव्हा कागदावर ही सुधारणा मोठीच म्हटली पाहिजे. परंतु वर्ष वाढले म्हणून हात वळतोच, असे नाही.

हात वळणे म्हणजे काय, हे गर्भतपासणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. गाय गाभण आहे की नाही हे पाहण्यासाठी पशुवैद्यक मोजा चढवून गुदमार्गातून खांद्यापर्यंत हात घालतो आणि आतड्याच्या भिंतीपलीकडील गर्भाशय चाचपतो. दोन महिन्यांच्या गर्भाची खूण बोटांच्या टोकांना कळावी लागते. डोळ्यांना काही दिसत नाही, आणि पुस्तकातील आकृतीचा तेथे फारसा उपयोग नसतो. शेकडो जनावरे तपासल्यावाचून ही जाण येत नाही. आता महाविद्यालयाच्या खोड्यात दोन-चार गायी आहेत आणि तपासणारे विद्यार्थी वर्गभर, अशी कल्पना करा. एका गायीत लागोपाठ तीस हात जाऊ शकत नाहीत. आतडे सुजते, जनावर उभे राहत नाही. पहिल्या काहींना शिकायला मिळते, बाकीचे नोंदवहीवर स्वाक्षरी घेऊन परततात.

कृत्रिम रेतनाचीही हीच स्थिती आहे. द्रवरूप नत्रात गोठवलेली कांडी कोमट पाण्यात किती वेळ धरावी, हे अर्ध्या तासात सांगता येते. गर्भाशयाच्या मुखातून नळी नेमकी पार नेणे सरावानेच साधते. ते फसले, तर शेतकऱ्याचे निदान एकवीस दिवस वाया जातात, कारण गाय तितक्या दिवसांनी पुन्हा माजावर येते. तेवढ्या दिवसांचा चारा-पेंड तिच्या पोटात जातो आणि वेत पुढे ढकलले जाते. म्हशीचा माज मुका असल्याने तो पुन्हा हेरण्याची कटकट निराळी. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर नवशिक्या पशुवैद्यकाच्या शिक्षणाचा खर्च कोणी तरी भरतोच. आज तो दोन गायींच्या मालकाकडून, त्याला न विचारता, वसूल होतो. तोच विद्यार्थी पदवीपूर्वी अनुभवी माणसाच्या नजरेखाली चुकला असता, तर चूक जागच्या जागी सुधारली गेली असती. पदवी घेऊन एकट्याने केलेली चूक सुधारायला जवळ कोणी नसते.

हा खर्च लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५३ कोटी ५८ लाख पशुधन आहे, आणि महाराष्ट्रात ३ कोटी ३० लाखांच्या आसपास. २०२२ साली लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा राज्यातील जवळजवळ १ कोटी ४० लाख गोवंशाच्या लसीकरणाचा डोंगर पशुसंवर्धन खात्यापुढे उभा राहिला. अशा वेळी किती माणसांना गोठ्यात शिरून बिचकणाऱ्या बैलाला सुई टोचता येते, याला महत्त्व असते. किती जणांजवळ प्रमाणपत्र आहे, याला नव्हे.

मग बाहेर पडून शिकण्याची वाट का अरुंद? पहिले कारण पैशाचे. आंतरवासितेचे विद्यावेतन तुटपुंजे असल्याची तक्रार राज्यातील विद्यार्थ्यांनी आंदोलने करून मांडली आहे. तालुक्याच्या गावी खोली, जेवण आणि वाडी-वस्तीवर जायला दुचाकीचे पेट्रोल, एवढे सारे त्यातून भागवायचे. ज्याचे घर त्याच गावी आहे किंवा ज्याचे वडील पैसे पाठवू शकतात, त्यालाच हे जमते. चांगल्या खासगी दवाखान्यात शिकायला मिळणे तर बहुधा ओळखीवरच अवलंबून असते. शेतमजुराचा मुलगा येथेही मागे पडतो, आणि गुरांशी खरी जवळीक तर त्याचीच!

मुलींची अडचण आणखी वेगळी. या अभ्यासक्रमाकडे मुली आता मोठ्या संख्येने वळल्या आहेत. पण ज्या दवाखान्यात धड स्वच्छतागृह नाही आणि गावात राहण्याची सोय नाही, तेथे त्यांना पाठवताना महाविद्यालयही कचरते. मुलींना मोठ्या जनावरांची आवड नसते, असे मग खुशाल म्हटले जाते.

दुसरे कारण जबाबदारीचे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे. विद्यार्थी जे करील ते कोणाच्या तरी देखरेखीखाली. पण तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे लसीकरण, योजनांचे अर्ज, शवविच्छेदन, बैठका आणि अहवाल एवढे सारे असताना विद्यार्थ्याला शिकवण्याचे काम त्याच्या गळ्यात विनामोबदला घालायचे, हे न्यायाचे नाही. शिकवणाऱ्याला मानधन आणि विद्यार्थ्याच्या हातून इजा झालेल्या जनावराला विम्याचे संरक्षण, या दोन गोष्टी केल्या तर शेतकऱ्याची नाराजीही बरीच कमी होईल. अडलेल्या गायीपाशी चार कोवळी पोरे उभी पाहून तो साशंक झाला, तर त्याला दोष कसा देणार? ती गाय म्हणजे त्याची वर्षाची कमाई असते.

यासाठी नवी इमारत नको की नवे मंडळ नको. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बायफ संस्थेने शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतन नेले. जिल्ह्याच्या मोठ्या सहकारी दूध संघांकडे स्वतःचे पशुवैद्यक आहेत. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पशुचिकित्सा पथके आता रस्त्यावर आहेत. ही माणसे दररोज दहा-वीस गोठे पालथे घालतात. त्यांच्या गाडीत शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला तीन-चार आठवडे जागा द्यावी, त्याच्या जेवण्याराहण्याचा खर्च विद्यापीठ व दूध संघाने निम्मा निम्मा उचलावा, आणि नोंदवहीत हजेरीऐवजी किती गायी तपासल्या व त्यांतील किती निदाने पुढे बरोबर ठरली, याची नोंद व्हावी. गाभण ठरवलेली गाय व्यायली की नाही, हे नऊ-दहा महिन्यांत सगळ्या गावाला कळतेच.