मोटारसायकलचे रबरी बूट

काही मोटारसायकलींच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, पेटीच्या भात्यासारख्या घड्यांचे रबरी बूट तुम्ही पाहिले असतील. ते केवळ शोभेसाठी नसतात. आत क्रोमचा मुलामा दिलेली गुळगुळीत नळी दुसऱ्या नळीत सरकते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तिची उसळी शमवते. हे तेल अडवते ते रबराचे ऑइल सील. नळीवर बसलेला वाळूचा कण सीलला ओरखडे पाडतो, मग तेल गळते. ते ब्रेकवर पोचले, तर गाडी वेळेवर थांबत नाही!

बूट घेताना दोन्ही नळ्यांचा बाहेरचा व्यास मोजावा. नळी पूर्ण बाहेर आली तरी बूट ताणला जाऊ नये आणि पूर्ण दबली तरी अडू नये.

बुटाला बारीक छिद्रे कशासाठी? नळी दबताना आतील हवा बाहेर पडावी आणि शिरलेले पाणी निथळावे म्हणून. ती बुजली, तर ओल कोंडून नळी गंजते. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले! म्हणून पावसाळ्यानंतर बुटाची पट्टी सोडून आत पाहावे.

बूट साबणाच्या पाण्याने धुवावा. पेट्रोलने रबर फुगते. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे घड्यांवर भेगा पडतात. त्या दिसताच बूट बदलावा.