तुलनकांचे जाळे आणि त्याची पडताळणी

विस्कळीत संख्या चढत्या क्रमाने लावणे हे संगणकाचे नित्याचे काम होय. ते आज्ञावलीद्वारे होते, तसेच खास रचलेल्या विद्युत मंडलाद्वारेही होऊ शकते. अशा मंडलाचा मूळ घटक म्हणजे तुलनक. त्यात दोन संख्या शिरतात. लहान संख्या वरच्या तारेने व मोठी खालच्या तारेने बाहेर पडते.

चार तारांसाठी पाच तुलनक पुरतात. प्रथम पहिली-दुसरी व तिसरी-चौथी, नंतर पहिली-तिसरी व दुसरी-चौथी आणि शेवटी दुसरी-तिसरी या तारांची तुलना होते. ७, २, ९, ४ या संख्या पहिल्या टप्प्यानंतर २, ७, ४, ९ अशा होतात. दुसऱ्या टप्प्यात त्या तशाच राहतात आणि तिसऱ्या टप्प्यात २, ४, ७, ९ हा क्रम लागतो.

आज्ञावलीतील चूक मागाहून सुधारता येते. चिपमध्ये कोरलेली चूक मात्र पुसता येत नाही. म्हणून जाळ्याची पडताळणी आधीच करावी लागते. सोळा वेगवेगळ्या संख्यांचे क्रम वीस लाख कोटींहून अधिक होतात. ते सर्व तपासणार कसे? येथे एक सुंदर नियम साहाय्यास येतो. जे जाळे केवळ ० आणि १ यांच्या सर्व मांडण्या योग्य क्रमाने लावते, ते कोणत्याही संख्या योग्य क्रमाने लावते. त्यामुळे सोळा तारांसाठी ६५,५३६ मांडण्या तपासणे पुरेसे ठरते. वरील जाळ्यातील पाचवा तुलनक राहून गेला, तर १, २, ३, ४ या संख्यांनी तो दोष दिसणार नाही. परंतु ०, १, ०, १ ही मांडणी तशीच बाहेर पडते आणि दोष उघड होतो.

तारा चौसष्ट झाल्या की ० आणि १ यांच्या मांडण्याही आवाक्याबाहेर जातात. तेव्हा रचनेचाच आधार घ्यावा लागतो. १९६८ मध्ये केनेथ बॅचर यांनी अशी रीत मांडली, की दोन लहान जाळ्यांनी दोन अर्धे भाग क्रमाने लावावेत आणि तिसऱ्या जाळ्याने ते एकत्र गुंफावेत. लहान जाळी व गुंफणी अचूक असतील, तर मोठे जाळेही अचूकच असते.

मेरी शीरन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मंडल हे गणितातील फलन मानले जाते. मंडले एकापुढे एक जोडणे किंवा शेजारी-शेजारी ठेवणे यांसाठी त्यात रचना-फलने असतात. १९९८ मधील ‘लाव्हा’ या प्रणालीत हाच विचार पुढे नेला गेला. तिच्यात एकाच वर्णनावरून मंडल घडवता येते आणि त्याची अचूकता सिद्धही करता येते. प्रत्येक तार स्वतंत्रपणे न तपासता रचनेचा नियम तपासणे, हेच या पद्धतीचे मर्म होय.