माळ, समुद्र आणि कॅमेरा

वाचकहो, आम्हा तासगावकरांना समुद्र तसा परकाच. आमचे पाणी म्हणजे येरळेचे, आणि उन्हाळ्यात तेही वाळूत शोधावे लागते. द्राक्षाच्या बागा, बेदाण्याच्या शेडी आणि गाव सोडून पूर्वेला गेले की उघडा माळ, हे आमचे जग. पण आता जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलात कॅमेरा. मुलांना सहलीला न्यावे तर हरीण दिसो, बगळा दिसो की समुद्राची लाट दिसो, सगळ्यांचे हात एकदम वर जातात. चित्र निघते खरे, पण प्राणी पळालेला असतो. असे का होते आणि काय केले म्हणजे होणार नाही, हे एका दिवसाच्या भटकंतीच्या आधाराने सांगण्याचा विचार आहे.

आम्ही तिघे मास्तर माघातल्या पौर्णिमेला निघालो. सकाळी आमचा माळ आणि संध्याकाळी रत्नागिरीचा समुद्र, असा बेत होता. पौर्णिमाच का धरली, ते पुढे सांगतो.

सूर्य उगवताना आम्ही माळावर पोहोचलो. चित्रासाठी ही वेळ सोन्यासारखी असते. किरण तिरपे येतात, सावल्या लांब पडतात आणि गवताची काडी न् काडी सुटी दिसते. दुपारी ऊन डोक्यावर आले की जनावराच्या पाठीवर उजेड आणि डोळ्यांत काळोख, अशी तऱ्हा होते. समोर मेंढरांचा कळप होता. मी कॅमेरा सरसावून सरळ पुढे निघालो, तशी सगळी मेंढरे माना वर करून एकमेकांना भिडली. कळपाचे मालक हसून म्हणाले, "सर, असं म्होरनं येऊ नगासा. मेंढरं बुजत्यात. माज्या मागनं या, पायाखाली बघत."

वाचकहो, या कलेची मी चारदोन पुस्तके वाचली आहेत. पण या दोन वाक्यांत सगळे पुस्तक आले. तोंडासमोरून सरळ चालत येणारा, डोळ्यांत डोळे घालणारा प्राणी हा बहुधा शिकारी असतो, हे प्रत्येक जनावर जन्मतःच जाणते. तिरप्या वाटेने, थांबत थांबत, दुसरीकडे पाहत येणाऱ्याचे त्याला तितके भय वाटत नाही. प्रत्येक प्राण्याची एक अदृश्य रेषा असते. तिच्याबाहेर तुम्ही असाल तोवर तो चरतो, खेळतो, पिलाला चाटतो. रेषेशी आलात की मान वर होते, कान तुमच्याकडे वळतात, चरणे थांबते. ही पहिली सूचना. इथे थांबावे; जमल्यास दोन पावले मागे यावे. रेषा ओलांडलीत तर तो पळणारच. अंतर किती ठेवायचे हे आपण ठरवायचे नसते, ते प्राणी ठरवतो.

इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन असे दोघे भाऊ होऊन गेले. खेड्यात वाढलेली माणसे. पक्ष्याच्या घरट्याचे, आतल्या अंड्यांसह, छायाचित्र त्यांनी १८९२ साली घेतले, आणि त्या प्रकारचे ते पहिले चित्र मानले जाते. माणूस दिसला की पक्षी उडतो, पण बैल दिसला तर उडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार केला, आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन तासन् तास उभे राहिले! आपल्याला एवढा खटाटोप नको. आपल्याकडे खरी गुरे आहेत. चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर कोतवाल खुशाल बसतो. तिच्या पायांमुळे गवतातले किडे उडतात, म्हणून गायबगळा तिच्या मागे मागे चालतो. गुराख्याच्या सोबतीने हळू चालणारा माणूस या पक्ष्यांना कळपातलाच एक वाटतो. थांबलेल्या गाडीच्या खिडकीतूनही असेच काम साधते.

आता म्हैस आणि बगळा ही जोडी पाहा. एक काळीभोर, दुसरा पांढराशुभ्र. चित्र काढून पाहिले तर बगळ्याची पिसे नाहीशी होऊन नुसता पांढरा डाग उरलेला दिसतो. कॅमेऱ्याला काळे-पांढरे समजत नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम करडे आहे, असे तो धरून चालतो. काळी म्हैस चौकटभर असली की त्याला वाटते उजेड कमी आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि बगळा जळून जातो. उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर बगळ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाइलांवर शेजारी सूर्याची खूण येते, ती थोडी खाली ओढा. म्हैस जरा अधिक काळी होईल, होऊ द्या. तिची काहीच तक्रार नसते.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी चैत्रात याच माळावर मला टिटवीची अंडी सापडली. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. मी हरखलो. भर दुपारी अर्धा तास तिथेच बसून चित्रे घेतली. वरून दोन्ही टिटव्या ओरडत घिरट्या घालीत होत्या. त्यांचेही चित्र घेतले. टिटवी उन्हाळ्यात अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार राखते. हे मी पुढे वाचले. चार-पाच दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा अंडी तशीच पडलेली होती आणि टिटव्या नव्हत्या. ते चित्र अजून माझ्याकडे आहे, स्पष्ट आणि सुरेख. मी ते कुणाला दाखवीत नाही. तेव्हापासून घरट्याचे चित्र काढायचे नाही, हा माझा नियम आहे. आणि शिक्षकांनी तो मुलांना घालून द्यावा अशी विनंती आहे.

ज्यांना समुद्रापर्यंत जाणे जमणार नाही, त्यांनी देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात जावे. एके काळी उजाड असलेल्या या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडी उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली, आणि १९८५ साली शासनाने त्याला अभयारण्याचा दर्जा दिला. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरच्या या जंगलात चितळ, सांबर, काळवीट आहेत. माणसाने मनावर घेतले तर गेलेले जंगल परत आणता येते, हा धडा मुलांना तिथे उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

आम्ही मात्र नऊला माळ सोडला. सांगली, कोल्हापूर, मलकापूर करीत आंबा घाट उतरलो आणि दुपार कलताना रत्नागिरी गाठली. आता पौर्णिमेचे सांगतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. पक्षातल्या तिथीला पाऊणपट करायचे, म्हणजे भरतीची अदमासे घटका मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला आणि अवसेला ओहोटी आणि सूर्यास्त जवळजवळ एकत्र येतात. पुळण लांबवर उघडी पडते, ओल्या वाळूचा आरसा होतो, आणि त्यात सगळे आकाश उतरते. अंकगणिताच्या तासाला हे उदाहरण अवश्य घालावे. मात्र पाण्यात उतरायचे असेल तर हा अंदाज पुरेसा नाही; गावच्या कोळ्यांना विचारूनच पाऊल टाकावे.

रत्नागिरीत एक गंमत आहे. मांडवीकडची वाळू काळसर, तर मिऱ्याकडच्या किनाऱ्याला लोक पांढरा समुद्रच म्हणतात. दोन्हीकडे एकेक चित्र घ्या. कॅमेरा दोन्ही वाळूंना सारखीच करडी करून ठेवील! काळ्या वाळूवर उजेड थोडा कमी करावा, पांढऱ्या वाळूवर थोडा वाढवावा. म्हैस आणि बगळा पुन्हा भेटले म्हणायचे. आणखी एक, खारा वारा कॅमेऱ्याचा शत्रू असतो. काम झाले की भिंग मऊ कोरड्या फडक्याने पुसावे आणि वाळूत कॅमेरा ठेवू नये.

ओहोटीच्या वाळूवर बारीक खेकडे गोळ्यांची रांगोळी घालतात. वाळूतले खाद्य गाळून घेऊन उरलेल्या वाळूच्या त्या गोळ्या असतात. पुढची भरती त्या पुसून टाकते. उभ्याने पाहिले तर ठिपके दिसतात. गुडघे टेकून कॅमेरा जमिनीलगत धरा, मग खेकडा हत्तीएवढा दिसतो. आपल्या उंचीवरून नव्हे, प्राण्याच्या उंचीवरून पाहिले की चित्राला जीव येतो.

पलीकडे कुरव पक्ष्यांचा थवा विसावला होता. तेवढ्यात कुणीतरी मुलाला सांगितले, "पळ त्यांच्यात, म्हणजे छान फोटो येईल." पोर पळाले, थवा उठला, चित्र निघाले, सगळे हसले. पाच मिनिटांनी दुसऱ्या घरच्या मुलाने तेच केले. वाचकहो, यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाखपासून मध्य आशियापर्यंतच्या उंच तलावांकाठी वीण करतो आणि हिवाळा काढायला आपल्या किनाऱ्यावर येतो. परतीच्या प्रवासासाठी त्याला अंगात चरबी साठवायची असते. वाळूवर पळणाऱ्या चिखल्या, तुतवार या पक्ष्यांना तर ओहोटीच्या थोड्या तासांतच पोट भरायचे असते. आपल्या एका चित्रासाठी त्यांना दहादा उडवणे म्हणजे वाटसरूच्या शिदोरीत हात घालणे आहे.

याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात तिथे वाळूत अंडी घालतात. ही अंडी पूर्वी माणसे आणि कुत्री नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या मदतीने ती राखायला सुरुवात केली. दीडेक महिन्याहून थोड्या अधिक काळात पिले बाहेर येतात आणि ती समुद्राकडे सोडली जातात. अंधारात पिलू उजळ क्षितिजाच्या रोखाने चालते, कारण रात्रीही समुद्राची बाजू उजळ असते. आता कुणी तिथे दिव्याचा झोत टाकला तर ते पिलू कुठे जाईल, हे मी सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण आहे. पण झोत टाकणाऱ्या प्रत्येक हातामागे पोलीस उभा करता येत नाही. तिथे आपले आपणच शहाणे व्हावे लागते.

शिक्षकांना शेवटी एक सुचवतो. मुलांना प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी लिहायला लावा: तारीख आणि तिथी, जागा, प्राण्यापासून आपण किती पावलांवर होतो, आणि चित्र घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर तो काय करीत होता. चौथ्या रकान्यात "आधी चरत होता, नंतरही चरत होता" असे आले की त्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत, मग चित्र थोडे हलले असले तरी चालेल.