हौशी रेडिओ साधने, इलेक्ट्रॉन नलिकायुक्त

आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता तांत्रिक जिज्ञासा, स्वयंशिक्षण व परस्परसंपर्क यांसाठी शासकीय परवान्याने रेडिओ केंद्र चालविणाऱ्या व्यक्तीस हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ म्हणतात. अशा व्यक्तीने इलेक्ट्रॉन नलिका (निर्वात आवरणातील तप्त ऋणाग्रापासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाचे नियंत्रण करणारी प्रयुक्ती, बोली भाषेत ‘व्हॉल्व्ह’) वापरून घरी जुळविलेल्या प्रेषक, ग्राही व विद्युत् पुरवठा या साधनांचा येथे विचार केला आहे. बाहेर पडणाऱ्या तरंगाची स्थिरता, त्याची शुद्धता आणि चालकाची सुरक्षितता या तिन्हींची जबाबदारी येथे कारखान्यावर नसून साधन बांधणाऱ्यावरच असते, हे या साधनांचे वैशिष्ट्य होय.

इतिहास : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका व ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्रिप्रस्थ नलिका तयार केली. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१२ मध्ये शोधलेल्या पुनर्जनक मंडलामुळे एकाच नलिकेपासून फार मोठे विवर्धन मिळू लागले, तसेच तीच नलिका आंदोलक म्हणूनही वापरता येऊ लागली. अमेरिकेतील १९१२ च्या कायद्याने हौशी चालकांना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबीपुरते मर्यादित केले होते. हे तरंग दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी आहेत, असा तेव्हा समज होता. २८ नोव्हेंबर १९२३ रोजी कनेक्टिकट राज्यातील फ्रेड श्नेल व जॉन रेनार्ट्‌झ यांनी फ्रान्समधील नीस येथील लेआँ देलॉय यांच्याशी सुमारे ११० मी. तरंगलांबीवर अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला आणि हा समज खोटा ठरला. आयनांबरातून परत येणाऱ्या लघुतरंगांचे महत्त्व त्यानंतर झपाट्याने वाढले.

प्रेषक : मॉर्स लिपीत संदेश पाठविणारा सर्वांत साधा प्रेषक एकाच नलिकेचा असतो. ६एल६ ही मूलतः ध्वनिविवर्धनासाठी १९३६ मध्ये निघालेली नलिका, सुमारे ३५० व्होल्ट दाबावर, क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या साहाय्याने सुमारे १० वॉट शक्तीचा तरंग निर्माण करू शकते. केवळ वेटोळे व धारित्र यांवर चालणाऱ्या आंदोलकाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) नलिका तापल्याने सरकते आणि कळ दाबताच पुरवठ्याचा दाब उतरल्याने प्रत्येक संकेताचा स्वर पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा बदलतो. स्फटिक कंप्रतेला बांधून ठेवतो. मात्र त्यातून जास्त प्रवाह गेल्यास तो तडकतो. म्हणून त्याच्याशी एकसरीत एक लहान दिवा जोडण्याची पद्धत होती. दिव्याच्या प्रकाशावरून प्रवाहाचा अंदाज येई.

प्रदान मंडलाचे मेलन करताना धनाग्र प्रवाहमापकाकडे पाहावे लागते. मंडल अनुस्पंदनात येताच काटा एकदम खाली येतो. त्यानंतर आकाशकाचा भार हळूहळू वाढवून प्रवाह ठरलेल्या मूल्यावर आणतात. मंडल चुकीने दुप्पट कंप्रतेवर मेलित झाल्यास ७ मेगॅहर्ट्‌झऐवजी १४ मेगॅहर्ट्‌झचा तरंग बाहेर पडतो. त्यामुळे कंप्रता वेगळ्या तरंगमापकाने पडताळणे आवश्यक असते. अधिक शक्तीसाठी ८०७ ही नलिका पुढील टप्पा म्हणून जोडीत. भाषण पाठवावयाचे असल्यास परमप्रसर विरूपणासाठी अंतिम टप्प्याच्या आदान शक्तीच्या निम्मी ध्वनिशक्ती लागते. विरूपकच जवळजवळ प्रेषकाएवढा मोठा होत असल्याने अल्प खर्चात काम करणारा हौशी चालक मॉर्स लिपीकडे वळे.

ग्राही : पुनर्जनक ग्राहीत प्रदानाचा काही भाग आदानाकडे परत दिला जातो. आंदोलने नुकतीच सुरू होतील अशा सीमेवर तो ठेवल्यास एक-दोन नलिकांत दूरचे क्षीण संकेत ऐकू येतात. परंतु आंदोलन करणारा ग्राही आकाशकाला थेट जोडलेला असेल, तर तो स्वतःच छोटा प्रेषक बनून शेजाऱ्यांच्या ग्रहणात व्यत्यय आणतो. त्याच्यापुढे विलगकारी विवर्धक टप्पा घातल्यास हा दोष बराच कमी होतो.

विद्युत् पुरवठा व सुरक्षितता : रोहित्र, एकदिशकारक आणि गाळणी धारित्रे यांतून मिळणारा ३०० ते ७५० व्होल्ट दाब प्राणघातक असतो. पुरवठा बंद केल्यावरही धारित्रांत विद्युत् भार टिकून राहतो. म्हणून त्यांच्याशी अनेकसरीत रोधक कायमचा जोडतात आणि हात घालण्यापूर्वी निरोधक मुठीच्या दांड्याने धारित्र भूयोजित करतात. दोन धोके सहज लक्षात येत नाहीत. ऋणाग्राच्या मार्गात कळ जोडलेली असेल, तर कळ उघडी असताना तिच्या अग्रांमध्ये मोठा दाब येऊ शकतो. यावर उपाय म्हणून मधे अभिचालित्र (रिले) वापरतात. तसेच धनाग्र व प्रदान मंडल यांमधील धारित्र फुटल्यास पूर्ण दाब आकाशकाच्या तारेवर येतो. प्रदान अग्र व भूमी यांमध्ये उच्च कंप्रता रोधी वेटोळे जोडल्यास अशा वेळी संरक्षक तार (फ्यूज) वितळते व तार स्पर्शास जिवंत राहत नाही. स्वस्तातले हे वेटोळे मंडलाच्या नेहमीच्या कार्यास आवश्यक नसल्याने नवशिके ते गाळतात.

केंद्रचालन : ७.०५ मेगॅहर्ट्‌झसाठी मध्यभागी तोडलेला, सुमारे २० मी. लांबीचा अर्धतरंग आकाशक पुरतो. स्फटिकामुळे प्रेषकाची कंप्रता एकच असल्याने, सर्वसाधारण हाक दिल्यावर चालक आपल्या कंप्रतेच्या दोन्ही बाजूंस ग्राही फिरवून उत्तर शोधीत असे. प्रत्येक संपर्काची वेळ, कंप्रता व संकेताची प्रत नोंदवहीत लिहिली जाते.

भारतात : कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू (१९२१) हे पहिले भारतीय हौशी चालक मानले जातात. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये परवाने रद्द झाले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालविलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओचा प्रेषक नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाने बांधला होता. त्याची घोषित तरंगलांबी ४२.३४ मी., म्हणजे सुमारे ७.०८ मेगॅहर्ट्‌झ, हौशी पट्ट्यातच येते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राच्या जागा वारंवार बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी साधने महाग असल्याने भारतीय चालकांची भिस्त दीर्घकाळ स्वहस्ते जुळविलेल्या नलिकायुक्त प्रेषकांवर होती. १९८४ मध्ये पंतप्रधान झालेले राजीव गांधी स्वतः हौशी चालक होते. त्यांच्या कारकीर्दीत आयात शुल्कात सवलत मिळाल्यावर तयार साधनांचा प्रसार वाढला.

ट्रँझिस्टर व संकलित मंडले यांनी नलिकांची जागा घेतली असली, तरी उच्च शक्तीच्या काही विवर्धकांत त्या अद्याप वापरात आहेत. अमेरिकेत १९२९ वा त्यापूर्वीच्या नलिका व मंडले यांनीच प्रेषण करण्याचा वार्षिक उपक्रमही भरतो. अशा साधनात प्रत्येक घटक डोळ्यांना दिसतो, त्यावरील दाब व प्रवाह मोजता येतो आणि दोष तर्काने शोधता येतो. त्यामुळे रेडिओविद्येच्या अध्ययनात त्याचे मूल्य टिकून आहे.